वरण-भाताची शोकांतिका

माझ्या शोकांतिकेत एक बाई जेवते. बस, एवढंच. पानावर बसते, जेवते आणि हात धुवायला उठते. हे मी कार्यकारिणीच्या बैठकीत सांगितलं तेव्हा जी शांतता पसरली, तशी शांतता प्रयोगात मिळावी म्हणून मी एखादा नवसही बोललो असतो.

"मग मरतं कोण?" भगवंतरावांनी विचारलं.

"नवरा. पण तो आधीच मेलेला असतो. स्टेजवर येत नाही."

"हे बरं केलंत. एक माणूस कमी झाला. चला, आटपा."

भगवंतराव म्हणजे हैदराबादेतल्या आमच्या काचीगुड्याच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाले तरी गाडी सोडायची जबाबदारी आपलीच आहे असं त्यांना अजून वाटतं. हळदीकुंकू असो की शोकसभा, ते दाराशी घड्याळ बघत उभे राहतात आणि "आटपा, आटपा" म्हणत राहतात. थोरल्या मुलीच्या लग्नात त्यांनी मंगलाष्टकं म्हणणाऱ्या भटजींनाही आटपायला सांगितलं होतं, आणि भटजींनी घाबरून दोन कडवी खरोखरच गाळली. मुलीचा संसार उत्तम चालला आहे, त्यामुळे त्या कडव्यांची उणीव कुणाला भासलेली नाही.

मूळ नाटक मी तीन अंकांचं लिहिलं होतं. त्यात पाच माणसं मरत होती. पण तो काळ वेगळा होता. घरोघर केबल आली होती, दिलसुखनगरात एका रांगेनं कॉम्प्युटरचे क्लास उघडले होते, बाजारात रोज नवा साबण येत होता, आणि माणसाला तीन तास अंधारात बसवून रडवणं अवघड होऊन बसलं होतं. मंडळाच्या वार्षिक संमेलनात दर वर्षी नाटक व्हायचं. त्या वर्षी आमचा नवा चिटणीस मंदार म्हणाला, "काका, पब्लिकला आता फास्ट लागतं. ऑर्केस्ट्रा ठेवू."

मंदार पुण्याचा. कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी हैदराबादेत आलेला, हुशार, कामाला वाघ, आणि बोलण्यात इतका नम्र की त्याच्यावर धड चिडताही येत नाही. संमेलनाचा सगळा खर्च उचलायला त्यानं दिलसुखनगरचा एक क्लासवाला तयार केला होता, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. मी बँकेत कारकून. माझ्या शब्दाला वजन असतं तर मी तीन अंक कशाला लिहिले असते?

बरीच वादावादी झाली. शेवटी भगवंतरावांनी तोडगा काढला. हिम्मतरावांना, म्हणजे मला, एक प्रवेश द्यायचा. पंधरा मिनिटं. रविवारी सकाळच्या कार्यक्रमात सगळ्यात शेवटी, जेवणाच्या अगदी आधी. मंदारनं पुढे पुस्ती जोडली, "प्रवेश संपेपर्यंत लोक जेवायला उठले नाहीत तर पुढच्या वर्षी पूर्ण नाटक. उठले तर ऑर्केस्ट्रा." मला ही अट मान्य करावी लागली. भुकेल्या मराठी माणसाला मसालेभाताच्या वासात खुर्चीवर धरून ठेवणं हे नाट्यकलेतलं सर्वात अवघड काम आहे, हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं.

पाच माणसांना पंधरा मिनिटांत मारणं शक्य नव्हतं. "एकच मरू द्या," माझी बायको अनुराधा म्हणाली, "पण त्याचं नीट होऊ द्या." म्हणून मग मी हा प्रवेश निवडला.

आपल्याकडे पानावर बसलेल्या माणसाला मरणाची बातमी सांगत नाहीत. सांगितली की हातातला घास खाली ठेवावा लागतो, पान तसंच सारावं लागतं. म्हणून सांगणारा थांबतो, इकडचं तिकडचं बोलतो, "आधी जेवून घ्या" म्हणतो. माझा सगळा प्रवेश या रिवाजावर उभा होता. नवरा परभणीला बहिणीकडे गेलेला, तिथेच वारतो. मुलगा बातमी घेऊन घरी येतो. दारात शेजारणीला हळूच सांगतो, म्हणजे प्रेक्षकांना कळतं. आत येऊन बघतो तर आई एकादशी सोडायला पानावर बसलेली, आदल्या दिवसापासून उपाशी. आता तिला सांगणार कसं? तिचं जेवण उरकेपर्यंत थांबायचं. पण आई काही उरकत नाही. भात संपत आला की वरण घेते, वरण उरलं की भात घेते, वर मुलालाही बळंच शेजारी बसवते. शेवटी एकदाचं पान स्वच्छ होतं, मुलगा तोंड उघडतो, तर आईच म्हणते, "तू पाय न धुता घरात आलास तेव्हाच मला कळलं. पण एकदा तू बोललास की या घरात चूल पेटणार नाही. म्हटलं, आधी तुझ्या पोटात दोन घास जाऊ देत." पडदा.

हे लिहिल्यावर मी स्वतः रडलो होतो. अनुराधाही ऐकताना डोळे पुसत होती, पण ती तेव्हा कांदा चिरत असल्यामुळे मी ते धरत नाही.

आईच्या कामासाठी बरकतपुऱ्याच्या कुसुमताईंशिवाय दुसरं नाव डोक्यात येणंच शक्य नव्हतं. मंडळाच्या प्रत्येक नाटकात त्या असायच्या. आधी नायिका, मग वहिनी, मग सासू. त्यांनी संपूर्ण प्रवेश ऐकला, डोळ्यांना पदर लावला आणि विचारलं, "ताटात काय राहील?"

"काही नाही. ताट रिकामंच. तुम्ही अभिनय करायचा."

"रिकाम्या ताटातून जेवायचं?" कुसुमताईंचा पदर खाली आला. "सवाष्ण बाई हाय मी. रिकाम्या ताटाला हात लावायची नाही. अपशकुन असतो. सांगून ठेवायले बघा."

"कुसुमताई, नाटकात तुमचा नवरा मरतो, ते चालतं का?"

"ते नाटक हाय. ताट खरं हाय."

खरं ताट ठरलं. खऱ्या ताटात खरं अन्न आलं. आणि खरं अन्न प्रयोगाच्या दिवशीच एकदम कसं जेवणार, सराव नको का, म्हणून तालमीलाही रोज वरण, भात, तूप आणि मेथीची भाजी आली. तालमी आमच्या घरी होत्या. कुसुमताई मन लावून जेवायच्या. "घास मोजून घेतला की डायलॉग बरोबर बसतो," असं त्या म्हणायच्या, आणि एखादं वाक्य चुकलं की पुन्हा पहिल्या भातापासून सुरुवात करायच्या. दुसऱ्या आठवड्यात अनुराधानं मला तुपाची बरणी उलटी करून दाखवली. "तुमच्या बाईला दुःख लवकर होऊ द्या," ती म्हणाली.

मुलाच्या कामाला माझा पुतण्या कुलदीप होता. तो दिलसुखनगरच्या क्लाससाठी आमच्याकडे राहायला आलेला. बोलतो मराठीच, पण शाळा तेलुगू, दोस्त हैदराबादी. मी संहिता हातात दिली तर म्हणाला, "काका, मला बोलता येतंय, पढता येत नाही. तुम्ही बोला, मी लिहून घेतो." मी बोलत गेलो, तो लिहीत गेला. नंतर पाहतो तर माझी अख्खी शोकांतिका गोलगोल तेलुगू अक्षरांत उतरलेली. मला तिच्यातलं एक अक्षर वाचता येईना. स्वतःच्या नाटकाच्या बाबतीत निरक्षर ठरलेला मी बहुधा पहिलाच नाटककार असेन.

पण पोरगा मनानं चांगला. पहिल्या तालमीला पाट्या टाकत होता. मग एक दिवस तो वाक्य अर्ध्यावर सोडून थांबला आणि म्हणाला, "काका, हे लै कठीण हाय ना? त्याला मालूम हाय, पण तिच्यासमोर जेवावं लागतं." त्या दिवसापासून तो तालमीला वेळेआधी हजर राहू लागला. एकाच गोष्टीत मला त्याला शिकवावं लागलं नाही, ती म्हणजे पाय न धुता घरात येणं. ही कला त्याच्या अंगात होतीच. अनुराधा रोज संध्याकाळी दारातून "पाय!" म्हणून ओरडायची आणि तो रोज तसाच आत यायचा. मी तिला म्हटलं, "ओरडू नकोस, त्याची भूमिका बिघडेल."

शेजाऱ्यांना हे कळायला वेळ लागला नाही. रोज संध्याकाळी आमच्याकडून फोडणीचा वास आणि पाठोपाठ हुंदका येत होता, तेव्हा चौकशी होणारच. मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, बापाला शेवटी जिवंत परत आणा, लोक खूश होऊन जेवायला जातील. कुणी म्हणालं, एखादा विनोदी नोकर घाला. वरच्या मजल्यावरचे राममूर्ती तर रोज तालमीला येऊन बसायचे. त्यांना मराठी येत नव्हतं, पण ते ताटाकडे लक्षपूर्वक बघायचे. चार दिवस बघून त्यांनी आपलं मत दिलं, "हिम्मतरावगारू, सब अच्छा है, पण लेफ्ट साइड खाली दिखता." ताटाची डावी बाजू. दुसऱ्या दिवशी ते घरच्या आवकायची बरणी घेऊन आले. कैरीचं ते लालभडक लोणचं नुसतं बघितलं तरी कपाळाला घाम येतो. कुसुमताईंनी ते चाटून पाहिलं, "झकास हाय," म्हणाल्या, आणि आमच्या मराठी शोकांतिकेत आंध्रचं लोणचं आलं. कुलदीप तालमीत त्याला हात लावायचा नाही. त्याला तिखट सोसायचं नाही.

मग परवानगी. सार्वजनिक कार्यक्रमात नाटक असेल तर त्याची परवानगी काढावी लागते, हे मंदारनं मला ऐनवेळी अत्यंत नम्रपणे सांगितलं. मी रजा टाकून त्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांना मराठी येत नव्हतं. त्यांनी संहिता उलटी धरून चाळली आणि विचारलं, "क्या होता इसमें?"

"एक औरत खाना खाती, साब."

"फिर?"

"उसका बेटा आता. बाप गुजर गया करके उसको मालूम रहता."

"तो बोल देना."

"कैसा बोलेगा, साब? माँ खाना खा रही है."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हौ. खाते सो आदमी को नहीं बोलते. हमारे में भी नहीं बोलते." त्यांनी संहिता पुन्हा उलटसुलट करून पाहिली. "खाना होने के बाद बोलता फिर?"

"माँ खाना खतमच नहीं करती."

"कायकू?"

शोकांतिका लिहिणाऱ्यानं शेवट आधी सांगू नये, अशी माझी समजूत आहे. मी म्हटलं, "वो देखने आइए, साब." साहेबांनी सही करायला उचललेलं पेन पुन्हा ठेवलं. "एंड मालूम हुए बगैर साइन नक्को बोलो मेरेकू." शेवटी मी शेवट सांगितला. साहेबांनी चष्मा काढून रुमालानं पुसला, परत घातला, सही केली. माझ्या प्रवेशाचा पहिला यशस्वी प्रयोग त्या टेबलापाशी झाला, असंच मी मानतो. मी दारापर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी हाक मारली. मला वाटलं, कौतुक करतील. ते म्हणाले, "स्टेज पे चूल्हा नहीं जलाना. डब्बे में लाओ खाना."

संमेलनाच्या रविवारी आम्ही सकाळीच सभागृहात पोचलो. अनुराधानं पहाटे उठून केलेला स्वयंपाक डब्यांत होता. डब्यांची पिशवी मंदारनं स्वतः धावत येऊन माझ्या हातून घेतली आणि विंगेत नेऊन ठेवली. "काका, तुम्ही बसा, चहा सांगतो," म्हणाला. मला त्याच्या संस्कारांचं कौतुक वाटलं. भगवंतरावही आले, पण नेहमीचं "आटपा" न म्हणता माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेले. मी प्रयोगाच्या विचारात होतो.

पडदा उघडला तेव्हा मी विंगेतून मान बाहेर काढली. माझ्या नाटकातलं स्वयंपाकघर चाळीस वर्षांपूर्वीच्या खेड्यातलं. मागे मातीची भिंत, खुंटीला शिंकं, कोपऱ्यात चूल. आणि या सगळ्याच्या वर, मातीच्या भिंतीवर, क्लासवाल्याचा निळा फलक: कॉम्प्युटर शिका, अमेरिकेला जा. तो उतरवता येणार नव्हता. त्याच्याच पैशांनी बाहेर मसालेभात शिजत होता.

आणि मसालेभाताचा वास आता आत येऊ लागला. सकाळपासून लहान मुलांचे नाच, सत्कार आणि दोन भाषणं झाली होती. लोकांच्या पोटात कावळे ओरडत होते. सभागृहात घडीच्या लोखंडी खुर्च्या होत्या, आणि माणूस उठला की ती खुर्ची कर्रकन वाजायची. मी विंगेत संहिता घेऊन उभा होतो, पण कान सगळे खुर्च्यांकडे. जेवणाच्या दाराशी मंदार उभा. समोरच्या विंगेत भगवंतराव, हातात घड्याळ.

कुसुमताई पानावर बसल्या. कुलदीप दारात आला, शेजारणीच्या दिशेनं हळू आवाजात म्हणाला, "काकू, बाबा गेले. आईला अजून सांगू नका." उत्तम म्हणाला. आता तो पाय न धुता आत जाणार, आईची नजर त्याच्या पायांवर क्षणभर ठरणार, आणि शेवटच्या वाक्याचं बी पेरलं जाणार.

माझ्या शेजारी अनुराधा वरणाचा डबा घेऊन उभी होती. तिनं पुतण्या चपला घालून अन्नाच्या दिशेनं निघालेला पाहिला आणि तिच्या तोंडून सवयीनं, दबक्या पण धारदार आवाजात निघालं, "पाय!"

आजवर कधी न घडलेली गोष्ट त्या क्षणी घडली. कुलदीपनं ऐकलं. दाराशी शोभेसाठी खरी बादली आणि तांब्या ठेवला होता. तो मागे वळला, चपला काढल्या, तांब्यानं दोन्ही पाय घोट्यापर्यंत स्वच्छ धुतले, टाचासुद्धा चोळल्या, आणि मग आत गेला. मी अनुराधाकडे पाहिलं. ती डब्यामागे तोंड लपवत होती. माझ्या शोकांतिकेचा शेवट त्या तांब्याच्या पाण्याबरोबर वाहून गेला होता. आता आईला कळणार तरी कशावरून?

प्रवेश मात्र पुढे चालला होता. कुसुमताई जेवत होत्या, कुलदीप शेजारी बसला होता. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत एक खुर्ची वाजली. मग आणखी एक. मागे कुणीतरी मुलाला सांगत होतं, "चल, पुढे जाऊन रांग धर." कुसुमताईंनी ते ऐकलं असणार. त्यांनी तालमीतल्यापेक्षा जास्त मायेनं कुलदीपला वाढलं. भात, वरण, तूप आणि डाव्या बाजूला आवकायची मोठी फोड. पोरगा गोंधळलेला होता. त्यानं भातात ती फोड कालवली आणि पहिलाच घास मोठा घेतला.

आधी त्याचे कान लाल झाले. मग डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग त्याला उचकी लागली. पुढचं वाक्य त्याचं होतं आणि त्याच्या तोंडून उचकीखेरीज काही निघेना. मी विंगेतून वाक्य सांगत होतो, त्याला ते ऐकू येत होतं, तो मान हलवत होता आणि उचक्या देत होता. लोक हसले. आणखी एक खुर्ची वाजली. संपलं, असं मी मनाशी म्हटलं.

कुसुमताईंनी पाण्याचं फुलपात्र त्याच्यापुढे सरकवलं आणि अगदी सहज, घरच्या आवाजात म्हणाल्या, "कोण आठवण काढायलंय रे तुझी? मामा?"

उचकी.

"आत्या?"

उचकी. लोक पुन्हा हसले. आपल्याकडे उचकी लागली की असंच नावं घेतात, बरोबर नाव आलं की उचकी थांबते, हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पुढच्या रांगेतल्या एक आजी तर मदतीला "मावशी?" असं म्हणाल्यासुद्धा.

उचकी.

कुसुमताईंचा हात भातात थांबला. त्यांनी कुलदीपकडे पाहिलं. "बाबा?" त्या म्हणाल्या.

उचकी थांबली.

लोणचं पोटात उतरलं म्हणून थांबली, की पोरगा दचकला म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. पण सभागृहातलं हसू जागच्या जागी विझलं. बाप मेलेला आहे हे सगळ्यांना माहीत होतं. कुलदीपच्या डोळ्यांतून अजून पाणी वाहत होतं. "बघ," कुसुमताई हळूच म्हणाल्या, "तेच आठवण काढायलेत. जेव. सावकाश जेव." आणि त्यांनी त्याला आणखी भात वाढला.

खुर्च्या पुन्हा वाजल्या. उठलेली माणसं खाली बसत होती. त्यानंतर जे घडलं ते मी तीस वेळा लिहूनही मला जमलं नसतं. दोघं नुसते जेवत होते. कुसुमताई घास घेत होत्या, मुलाच्या पानात वाढत होत्या, आणि प्रत्येक वाढपाला सभागृहातून एक सुस्कारा येत होता. बाहेर आचाऱ्याचा झारा पातेल्यावर आपटत होता आणि आत कुणाला भूक नव्हती. पंधरा मिनिटं केव्हाच उलटली होती. समोरच्या विंगेत भगवंतरावांनी सवयीनं आटपायची खूण करायला हात वर केला, आणि तो हात तसाच वर राहिला.

शेवटी पान स्वच्छ झालं. कुलदीपनं तोंड उघडलं. "आई..." आणि मी डोळे मिटले, कारण पुढचं वाक्य पायांचं होतं, आणि पाय धुतलेले होते.

"नको सांगू," कुसुमताई म्हणाल्या. "रोज घसा फोडून सांगते तवा तू पाय धुत नाहीस. आज कुणी न सांगता धुतलेस. तवाच मला कळलं." मग म्हणाल्या, "एकदा तू बोललास की या घरात चूल पेटायची नाही. म्हटलं, आधी तुझ्या पोटात दोन घास जाऊ देत. झालं पोट भरून? आता सांग."

पडदा अर्ध्यावर अडकला. एरवी यावर शिट्ट्या पडल्या असत्या. कुणी शिटी मारली नाही. टाळ्यासुद्धा बऱ्याच वेळानं आल्या. माझ्या शेजारी अनुराधा रडत होती, आणि या वेळी तिच्या हातात कांदा नव्हता.

उठलेले परत बसले होते, जेवायला एकही माणूस गेला नव्हता. मी पैज जिंकली होती.

मग जेवण. मंदारनं त्या वर्षी बफे ठेवला होता. मी ताट घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो. अभिनंदनाला लोक येत होते. त्यातल्या तिघींनी वरणाला कशाची फोडणी होती ते विचारलं. राममूर्ती सगळ्यांना सांगत होते की खरी मेहनत डाव्या बाजूची होती. मी नाटककार असल्याचं कुणाच्या फारसं लक्षात आलं नव्हतं, पण मला त्या दिवशी त्याचं काही वाटलं नाही. मी मनातल्या मनात पुढच्या वर्षीचे तीन अंक मांडत होतो. त्यात पुन्हा पाच माणसं मरू लागली होती.

भगवंतराव आले. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. त्यांच्या हातात ताट नव्हतं.

"छान झालं, हिम्मतराव," ते म्हणाले.

"पुढच्या वर्षी पूर्ण नाटक करू."

"हो, हो. जेवा." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. "सावकाश जेवा."

माझा घास हातात राहिला. मी दाराकडे पाहिलं. मंदार तिथे उभा राहून आमच्याकडेच बघत होता. माझी नजर जाताच त्यानं मान खाली घातली आणि उगाच जिलब्यांचं ताट सारखं करू लागला. सकाळी त्यानं धावत येऊन घेतलेली डब्यांची पिशवी मला आठवली. खांद्यावर ठेवलेला हात आठवला.

क्लासवाल्यानं पुढच्या वर्षासाठी ऑर्केस्ट्राला शब्द देऊन टाकला होता, तोसुद्धा प्रयोगाच्या आधी, त्याच सकाळी. त्यावर सकाळीच झालेल्या बैठकीत एकटे भगवंतराव माझ्या बाजूनं भांडले होते. हे सगळं मला मागाहून कळलं. पण त्या क्षणी मला काही कळायचं उरलं नव्हतं. वाटलं, पुन्हा भात मागावा, मग वरण, मग पुन्हा भात, आणि हे ताट कधी रिकामं होऊच देऊ नये.

मग मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. चेहरा सुकलेला होता. पहाटेपासून हा माणूस उभा होता.

"हिम्मतराव, तुमचं झालं की जरा बोलायचं होतं..."

"तुम्ही जेवलात का?"

"नाही. भूक नाही."

मी उठलो. एक ताट आणलं, त्यात मसालेभात वाढला, वर तूप घातलं, डाव्या बाजूला लिंबू ठेवलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुणी नाही. इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदाच मला सावकाश जेवा म्हणालात. तेव्हाच कळलं. जेवा आधी."

भगवंतरावांनी मान खाली घातली आणि पहिला घास घेतला. कुसुमताई जिलबीची वाटी घेऊन येत होत्या. त्यांनी आम्हा दोघांना बघितलं आणि खुर्ची ओढून बसल्या. मी भगवंतरावांना पुन्हा भात वाढला. त्यांनी नको म्हटलं नाही.

तेवढ्यात कुलदीप आला. डोळे अजून लाल, पण चेहरा असा उजळलेला की मला बघवेना. सगळ्या सभागृहानं त्याच्या पाठीवर थाप मारली होती. "काका," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी मला मोठा रोल पायजे. मी मराठी पढायला शिकतो. खरंच शिकतो. काय नाटक करायलोत आपण?"

भगवंतरावांचा हात तोंडाशी थांबला. कुसुमताईंनी माझ्याकडे पाहिलं.

"आधी जेव," आम्ही तिघंही एकदम म्हणालो.